ऑपेरातला डाव : मॉर्फीच्या सतरा चालींतून बुद्धिबळ शिकताना

मोहरे कसे चालतात हे एका दुपारी शिकवून होतं. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. पट मांडून होतो, चाल आपली असते, आणि समोर बसलेलं मूल विचारतं, "आता काय खेळू?" मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत, पण त्यांनाही हाच प्रश्न पडलेला असतो. मी अशा वेळी ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक चालींची, नावं सांगत बसत नाही. एक डाव लावायला सांगतो. सतराच चालींचा डाव आहे, पण नीट खेळून पाहिला तर दोन आठवडे पुरतो.

तो डाव १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता पॉल मॉर्फी, वय वर्षं एकवीस. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा हा मुलगा कायद्याची पदवी घेऊन बसला होता, पण वय कमी म्हणून वकिली सुरू करता येत नव्हती. १८५७ मध्ये न्यूयॉर्कची पहिली अमेरिकन बुद्धिबळ काँग्रेस, म्हणजे स्पर्धा, त्याने जिंकली आणि पुढच्या वर्षी तो युरोपात आला. पॅरिसच्या कॅफे द ला रेजाँसमध्ये त्याने पट न बघता एकाच वेळी आठ जणांशी खेळून दाखवलं. आपल्या डावात त्याच्यासमोर काळ्या मोहऱ्यांवर दोघे मिळून बसले होते: गादीवरून हटवलेला ब्रुन्सविकचा ड्यूक कार्ल आणि काउंट इझुआर. ते चाली आपसात बोलून ठरवत. जागा होती ऑपेराच्या प्रेक्षागृहातली ड्यूकची राखीव बैठक. मॉर्फीला संगीताची ओढ होती, पण त्याला रंगमंचाकडे पाठ करून बसवलं होतं आणि त्याचं लक्ष सारखं मागे जात होतं, अशी आठवण सांगितली जाते.

बहुतेकांना हा डाव शेवटच्या वजिराच्या बळीसाठी माहीत असतो. शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. वजीर दिला हे बघून मुलं पुढच्या डावात वजीर देऊन टाकतात आणि हरतात. ह्या डावात शिकायचं आहे ते पहिल्या नऊ चालींत. कोणाचे किती मोहरे जागे झाले, आणि ते जागे करताना कोणी चाल फुकट घालवली, एवढंच बघायचं.

बसायची तयारी

खरा पट घ्या. मोबाइलवर बोट सरकवून चाली पुढे नेल्या की डोळा वाचतो, डोकं वाचत नाही. एक वही, एक पेन आणि चाली झाकायला एक जाडसर कागद जवळ ठेवा. पांढऱ्यांच्या बाजूने बसा. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच आणि आडव्या पट्ट्यांना खालून १ ते ८. पांढरा राजा ई१ वर असला आणि तुमच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं असलं, की मांडणी बरोबर आहे.

आधी संपूर्ण डाव एकदा कुठेही न थांबता खेळा. समजलं नाही तरी चालेल. आधी पांढऱ्यांची चाल, मग काळ्यांची. × म्हणजे मारलं.

१. ई४ — ई५
२. घोडा एफ३ — डी६
३. डी४ — उंट जी४
४. डी×ई५ — उंट×एफ३
५. वजीर×एफ३ — डी×ई५
६. उंट सी४ — घोडा एफ६
७. वजीर बी३ — वजीर ई७
८. घोडा सी३ — सी६
९. उंट जी५ — बी५
१०. घोडा×बी५ — सी×बी५
११. उंट×बी५ शह — बी८ वरचा घोडा डी७
१२. वजिराच्या बाजूला किल्लेकोट (राजा सी१ वर, हत्ती डी१ वर) — हत्ती डी८
१३. हत्ती×डी७ — हत्ती×डी७
१४. हत्ती डी१ — वजीर ई६
१५. उंट×डी७ शह — घोडा×डी७
१६. वजीर बी८ शह — घोडा×बी८
१७. हत्ती डी८, मात.

मात झाल्यावर मोहरे लगेच गोळा करू नका. एका रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीबरोबर हा डाव लावला होता. ती पटाकडे बघत राहिली, मग काळ्यांच्या एफ८ वरच्या उंटावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हा तर खेळलाच नाही." मग शेजारच्या कोपऱ्यातल्या हत्तीवर बोट ठेवलं. "हा पण नाही." डावाचं मर्म तिने तेवढ्यातच पकडलं होतं. काळ्यांचा राजा मेला तेव्हा त्याच्याच बाजूचे दोन मोहरे घरातून बाहेरच पडले नव्हते.

आता पट पुन्हा मांडा आणि सावकाश चला.

पहिल्या पाच चाली: एक चाल कशी हातची जाते

१. ई४ ने मधलं घर घेतलं जातं आणि वजीर-उंटाची वाट मोकळी होते. काळ्यांचं ई५ हे त्याच कारणासाठी. २. घोडा एफ३ ने ई५ च्या प्याद्यावर नजर ठेवली. इथवर सगळं सरळ आहे.

काळ्यांचं डी६ म्हणजे फिलिडोर बचाव. फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार. ऑपेरांना संगीत देणारा आणि त्या काळचा अव्वल बुद्धिबळपटू. प्यादी हा खेळाचा आत्मा आहे असं मानणारा तो माणूस. पॅरिसच्या ऑपेरात त्याच्याच नावाचा बचाव खेळला जावा, ह्याचं मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटतं. चाल वाईट नाही. ई५ च्या प्याद्याला जोर मिळाला. पण किंमतही मोजली: एफ८ चा उंट आता डी६ च्या प्याद्यामागे कोंडला. हा उंट लक्षात ठेवा, शेवटपर्यंत घरातून हलत नाही.

३. डी४ नंतर काळ्यांनी उंट जी४ वर आणून एफ३ चा घोडा जखडला. घोडा हलला तर मागे वजीर. चाल दिसायला जोरकस आहे, नवशिक्यांना हमखास आवडते. आता वहीत लिहून पाहा: ४. डी×ई५ वर काळ्यांनी लगेच डी×ई५ खेळलं तर? पटावर करून बघा. पांढरे वजीर डी८ वर मारतात, राजाला वजीर घ्यावा लागतो, आणि वजीरच पटावरून गेल्यावर घोड्याला कोण जखडणार? तो मोकळेपणी ई५ चं प्यादं घेतो आणि तिथून एफ७ आणि जी४ दोन्हीकडे बघतो. म्हणून काळ्यांना आधी उंट देऊन घोडा मारावा लागला.

पाचव्या चालीनंतर थांबा आणि मोजा. काळ्यांच्या उंटाने दोन चाली खाल्ल्या आणि तो मेला. त्यांच्याकडून प्याद्यांखेरीज एकही मोहरा बाहेर नाही. पांढऱ्यांचा वजीर बाहेर आहे आणि चालही त्यांचीच आहे. नुकसान कोणाचंच झालेलं नाही, तरी एक माणूस पुढे गेला.

एफ३ वरचा उंट मारून घ्यायला पांढऱ्यांनी वजीर आणला, प्यादं नाही, हेही बघा. वजीर लवकर बाहेर काढू नये असं आपण सगळे शिकवतो. ते बरोबरच आहे, कारण बाहेर आलेल्या वजिराला समोरचा हाकलत सुटतो आणि तेवढ्यात स्वतःचे मोहरे बाहेर काढून घेतो. इथे काळ्यांकडे वजिराला हाकलणारा मोहराच बाहेर नव्हता. नियम पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण पाठ केलेलं बरं, ते अशा वेळी उपयोगी पडतं.

सहा ते नऊ: धमकी देत देत बाहेर येणं

माझ्या मते हा डावातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. कागदाने चाली झाका आणि प्रत्येक चालीआधी दोन मिनिटं स्वतः शोधा.

६. उंट सी४. एक मोहरा बाहेर आला, आणि त्याच वेळी एफ७ वर मातेची धमकी झाली. एफ७ हे घर सुरुवातीला फक्त राजाच्या जोरावर उभं असतं, म्हणून सगळे हल्ले तिथेच येतात. काळ्यांनी घोडा एफ६ वर आणून वजिराची वाट अडवली. चांगली चाल.

७. वजीर बी३. वजीर दुसऱ्यांदा हलला, पण बघा कुठे गेला. एका बाजूला उंटाच्या मागे उभा राहून एफ७ वर दुहेरी दाब, दुसऱ्या बाजूला बी७ चं बिनजोरी प्यादं. एका चालीत दोन धमक्या. दोन्हींवर एकच उत्तर सापडणं कठीण. काळ्यांनी वजीर ई७ वर आणून एफ७ राखलं, पण एफ८ च्या उंटासमोर आता स्वतःचाच वजीर येऊन बसला.

इथे पुष्कळ जण विचारतात, मॉर्फीने बी७ का घेतलं नाही? घेऊन बघा. काळे वजीर बी४ वर आणून शह देतात, वजीर बदलावे लागतात, आणि पांढऱ्यांकडे एक प्यादं जास्त उरतं. उंट एफ७ वर देऊन मग बी७ घेतलं असतं तर कोपऱ्यातला हत्तीसुद्धा हाती लागत होता. दोन्हीही चाली खेळण्याजोग्या आहेत, आणि कॉम्प्युटरला विचाराल तर तो त्यांची बाजू घेईल. मॉर्फीने ८. घोडा सी३ खेळून आणखी एक मोहरा बाहेर काढला. शिकणाऱ्याने इथे मॉर्फीचंच अनुकरण करावं असं मी म्हणतो. प्यादं मिळवण्याची सवय आपोआप लागते, मोहरे बाहेर काढण्याची मात्र लावून घ्यावी लागते.

काळ्यांच्या सी६ चं काम बारीक आहे. प्यादं पुढे गेलं आणि सातव्या आडव्या पट्टीवरून वजिराचा जोर थेट बी७ ला मिळाला. मग ९. उंट जी५, आणि एफ६ चा घोडा जखडला गेला. आधीच्या उंट जी४ मध्ये आणि ह्या चालीत फरक काय, हे वहीत दोन ओळींत लिहा. तिथे वजीर बदलून सुटका होती. इथे घोडा हलला की वजीर जातो, आणि वजिराला बाजूला सरकवायला एक चाल खर्चावी लागते, जी काळ्यांकडे नाही.

आता दुसरी मोजणी. पांढऱ्यांचे बाहेर आलेले: वजीर, दोन्ही उंट, एक घोडा. चार. काळ्यांचे: एफ६ वर जखडलेला घोडा आणि उंटाची वाट अडवून बसलेला वजीर. दोन, आणि दोघांनाही धड काम नाही. अशा वेळी काळ्यांनी काय करावं? वजीर सी७ वर नेऊन घोडा सोडवावा आणि उंटाला वाट द्यावी. त्यांनी काय केलं? बी५. सी४ च्या उंटावर प्यादं टाकलं. मोहरे घरात असताना प्याद्यांनी भांडण उकरून काढलं.

दहा ते चौदा: बळी कधी द्यावा

१०. घोडा×बी५. इथे कागद-पेन्सिलचा हिशेब करा. प्यादं १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. घोडा दिला, दोन प्यादी मिळाली: ३ देऊन २. एका गुणाचा तोटा. पण उंट मागे घेतला असता तर काळ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला असता, आणि राजासमोरची ही पट्टी कधीच उघडली नसती. ११. उंट×बी५ शह झाल्यावर काळ्यांचा राजा मधोमध उभा आहे आणि त्याच्या दिशेने वाट मोकळी झाली आहे.

बळी द्यायचा की नाही हे ठरवायला मी मुलांना तीन प्रश्न विचारायला लावतो. समोरच्याचा राजा अजून मधे आहे का? त्याच्यापेक्षा माझे जास्त मोहरे तिथे पोचू शकतात का? दिल्यानंतरची माझी पुढची चाल शह किंवा धमकी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच हात पुढे करायचा. दहाव्या चालीला तिन्ही 'हो' आहेत.

शहाला उत्तर म्हणून काळ्यांनी बी८ चा घोडा डी७ वर आणला. एफ६ चा घोडा आणला असता तर जी५ च्या उंटाने वजीर उचलला असता. आता दोन्ही घोडे जखडलेले, एक वजिरापुढे, एक राजापुढे.

१२. वजिराच्या बाजूला किल्लेकोट. एका चालीत राजा सी१ वर सुरक्षित आणि हत्ती थेट उघड्या डी पट्टीवर. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत किल्लेकोट नव्हता; राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. ती उडी राजाला वाचवायची, पण हत्तीला कामावर लावायची नाही. इथे दोन्ही कामं एकदम झाली. काळ्यांनी हत्ती डी८ वर आणून डी७ ला आणखी जोर दिला.

डी७ वर कोणाचा किती जोर, हे बोटांवर मोजा. पांढऱ्यांचे दोन: बी५ चा उंट, डी१ चा हत्ती. काळ्यांचे चार: राजा, वजीर, हत्ती आणि एफ६ चा घोडा. पण घोडा जखडलेला, त्याचा जोर कागदावरचा. मॉर्फीने १३. हत्ती×डी७ खेळलं आणि काळ्यांच्या हत्तीने ते घेतलं. उंटाने का मारलं नाही? कारण हत्तीने मारल्यामुळे बी५ चा उंट जागेवर राहिला आणि डी७ वर आलेला काळा हत्ती आता जखडला. मग १४. हत्ती डी१. घरात उरलेला शेवटचा पांढरा मोहरा, कोपऱ्यातला हत्ती, डावात आला. जखडलेल्या मोहऱ्यावर आणखी एक माणूस चालून आला. नवशिके जखडतात आणि तिथेच खूश होऊन थांबतात. पुढचं काम हे असतं.

चौदाव्या चालीला काळ्यांनी वजीर बी४ वर नेऊन वजीर बदलायचा प्रयत्न केला असता तर? पटावर करून बघाच. पांढरे उंटाने एफ६ चा घोडा मारतात. काळ्यांनी आनंदाने बी३ चा वजीर घेतला, तर उंट×डी७ आणि मात: एफ६ च्या उंटाने ई७ आणि डी८ दोन्ही घरं बंद केलेली असतात.

शेवट उलटा बघा

पंधराव्या चालीत उंटाने डी७ घेतलं, एफ६ च्या घोड्याने तो मारला. पट इथे थांबवा. मुलाला "मात शोध" एवढंच सांगू नका. हे प्रश्न एकेक करून द्या.

काळ्या राजाला कुठली घरं उघडी आहेत? एफ७ वर त्याचंच प्यादं, एफ८ वर त्याचाच उंट, डी७ वर त्याचाच घोडा. राहिली डी८ आणि ई७. ही दोन्ही घरं जी५ चा उंट एकटा बघतोय, कारण एफ६ चा घोडा हलल्यामुळे त्याची तिरकी वाट मोकळी झाली. म्हणजे पांढरा हत्ती डी८ वर पोचला तर मात. मग अडथळा कोण? फक्त डी७ चा घोडा. तो हटवायचा कसा? मारून नाही. त्याला जायलाच लागेल असं काहीतरी त्याच्यापुढे ठेवायचं.

इथवर आल्यावर बहुतेक मुलं स्वतः म्हणतात, "घोडा कुठे कुठे जाऊ शकतो?" डी७ वरून घोड्याच्या उडीतलं एक घर बी८. तिथे वजीर ठेवला की शह, आणि घोड्याने तो घेण्यावाचून काळ्यांकडे दुसरी चालच नाही. घोडा बी८ वर गेला, डी पट्टी उघडली, हत्ती डी८. मात.

अशा रीतीने वजिराची चाल मागून पुढे सापडते. ती साक्षात्काराने सुचली असं मुलांना सांगू नका. घरं मोजली की ती हाताशी येते.

आता शेवटचा हिशेब. प्यादी सोडून काळ्यांकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा: वीस गुण. पांढऱ्यांकडे हत्ती आणि उंट: आठ. तरी मात काळ्यांना. आणि काळ्यांचा राजाच्या बाजूचा घोडा फिरून बी८ वर जाऊन बसल्यामुळे त्यांची शेवटची रांग जवळजवळ खेळ सुरूच न झाल्यासारखी दिसते.

पुढचे दोन आठवडे

पहिले तीन दिवस रोज एकदा डाव लावा, प्रत्येक पांढऱ्या चालीआधी पुढच्या चाली कागदाने झाकून. चुकलेली चाल वहीत लिहा, आणि तुमच्या चालीला काळ्यांचं उत्तर काय असतं तेही लिहा. चौथ्या दिवशी वही बंद करून आठवणीने लावा. अडकलात तर चाल आठवू नका. "कोणता मोहरा अजून घरात आहे?" असं विचारा. बहुतेक वेळा चाल तिथूनच निघते.

दुसऱ्या आठवड्यात नवव्या चालीनंतरची स्थिती मांडा, म्हणजे काळ्यांचं बी५ झाल्यावर, आणि घरातल्या कोणाशी तरी ती खेळा. एकदा पांढऱ्यांकडून बळी देऊन, एकदा न देता. मग बाजू बदला आणि काळ्यांकडून बी५ ऐवजी वजीर सी७ खेळून डाव वाचतो का ते बघा. समोर माणूस नसेल तर मोबाइलवरचा कॉम्प्युटर चालेल, पण त्याची पातळी खाली ठेवा आणि त्याने सुचवलेली चाल स्वतःची सापडल्याशिवाय उघडू नका.

त्याच आठवड्यात स्वतः खेळलेले कुठलेही दोन डाव घ्या आणि प्रत्येकाच्या दहाव्या चालीला थांबून दोन आकडे लिहा: माझे किती मोहरे बाहेर, समोरच्याचे किती. भाचीच्या वहीत असे आकडे तारखेसह आहेत. पहिल्या पानावर '२ — ५' लिहिलंय, चौथ्या पानापासून तिचा आकडा डावीकडे मोठा दिसायला लागतो.